सोबत नेता न येणारी खोली : ॲल्विन ल्यूसिए यांच्या एका ध्वनिकृतीचे परीक्षण

कलाकृतीचे मूल्यमापन करण्यापूर्वी ती कलाकृती नेमकी कोठे वसते, याचा निर्णय समीक्षकास करावा लागतो. चित्राच्या बाबतीत हा प्रश्न फारसा अडचणीचा होत नाही. संगीताच्या बाबतीत तो पूर्वीपासूनच अवघड आहे. तथापि स्वरलिपी, बंदिश, घराण्याची शिस्त किंवा निदान गायकाचा गळा अशी काही आधाराची स्थाने तेथे सापडतात. गायक मिरजेहून पुण्यास गेला म्हणजे त्याचा गळा त्याच्याबरोबर जातो आणि त्याने आत्मसात केलेला रागही जातो. परंतु ज्या रचनाकाराचे मूळ द्रव्यच तो ज्या जागेत उभा आहे ती जागा असते, तो दौऱ्यावर निघताना बरोबर काय नेतो? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनियंत्रांचे पेटारे घेऊन गावोगाव प्रयोग करीत हिंडणाऱ्या अमेरिकी रचनाकारांचा जो एक वर्ग निर्माण झाला, त्याच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. त्यांच्या कृती चांगल्या की वाईट, हे ठरविण्याचा मार्गच या प्रश्नातून जातो. प्रस्तुत लेखात या वर्गातील ॲल्विन ल्यूसिए यांच्या ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ या १९६९ च्या कृतीचा विचार करावयाचा आहे. या कृतीची तिच्या चाहत्यांकडून नेहमी केली जाणारी उपपत्ती मला मान्य नाही. आणि मोठ्या सभागृहांतून होणाऱ्या तिच्या प्रयोगांत कृतीचा सर्वांत मोलाचा भाग हरवतो, असे माझे मत आहे. ही दोन्ही विधाने परस्परांशी संबद्ध आहेत, हे पुढे दिसून येईल.

ल्यूसिए यांचा जन्म १९३१ साली न्यू हॅम्पशायर संस्थानातील नॅशुआ येथे झाला व मृत्यू १ डिसेंबर २०२१ रोजी झाला. त्यांचे आरंभीचे शिक्षण पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रूढ चाकोरीतीलच होते. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते इटलीत असताना १९६० साली व्हेनिस येथे जॉन केज, डेव्हिड ट्यूडर आणि मर्स कनिंगहॅम यांचा प्रयोग त्यांनी पाहिला आणि आजवरच्या आपल्या रचना-पद्धतीविषयी ते साशंक झाले. पुढे मॅसॅच्युसेट्समधील ब्रँडाइस विद्यापीठात गायकवृंदाचे संचालन करीत असता १९६५ साली त्यांनी ‘म्यूझिक फॉर सोलो परफॉर्मर’ ही कृती सादर केली. तीत वादक डोक्यास विद्युदग्रे लावून स्वस्थ बसतो. मेंदूतील आल्फा लहरी, म्हणजे दर सेकंदास साधारण ८ ते १२ आंदोलनांच्या लहरी, विवर्धित होऊन ध्वनिक्षेपकांत जातात आणि त्या ध्वनिक्षेपकांच्या कंपनाने शेजारचे नगारे, झांजा इत्यादी वाद्ये वाजू लागतात. या लहरी कानास ऐकू येण्यासारख्या नसतात. वाद्यांच्या द्वारेच त्या श्राव्य होतात. वादकाने मन एकाग्र करण्याचा प्रयत्न केला तर वाद्ये गप्प होतात, कारण डोळे मिटून मन निश्चेष्ट ठेवल्यावरच आल्फा लहरी नीट उमटतात. वादनातील ‘प्रयत्न’ ही कल्पनाच येथे उलटी झाली आहे. १९६६ पासून सुमारे दहा वर्षे ल्यूसिए, रॉबर्ट ॲश्ली, डेव्हिड बेर्मन आणि गॉर्डन मुमा या चौघांनी ‘सॉनिक आर्ट्‌स युनियन’ या नावाने अमेरिकेत व युरोपात दौरे केले. आज अशा व्यक्तीस ‘ध्वनिकलावंत’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ल्यूसिए स्वतःस रचनाकारच म्हणवीत, आणि ते योग्यच होते असे मला वाटते.

आता मूळ कृतीकडे वळू. तिची रीत सांगण्यास अत्यंत सोपी आहे. रचनाकार एका खोलीत बसून एक छोटा गद्य उतारा वाचतो व तो ध्वनिमुद्रित करतो. नंतर ती फीत त्याच खोलीत ध्वनिक्षेपकातून वाजविली जाते आणि तिचे पुन्हा मुद्रण केले जाते. हे दुसरे मुद्रण पुन्हा वाजवून तिसरे केले जाते. याप्रमाणे पिढ्यांमागून पिढ्या तयार होतात. मग त्या सर्व क्रमाने ऐकविल्या जातात. १९८० साली ल्यूसिए यांनी मिडलटाउन येथील आपल्या घरी केलेल्या आणि सर्वांत प्रसिद्ध असलेल्या मुद्रणात अशा ३२ पिढ्या असून ते सुमारे ४५ मिनिटांचे आहे. प्रथम स्वच्छ ऐकू येणारे बोलणे हळूहळू घुमू लागते, मग शब्दांच्या कडा झिजतात, आणि शेवटी मानवी वाणीचा मागमूसही न उरता काचेच्या भांड्यांवरून वारा वाहावा तसे सुरांचे झुळझुळते थर तेवढे उरतात. या रीतीची प्रेरणा ल्यूसिए यांनीच सांगितली आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील अमर बोस हे आपल्या ध्वनिक्षेपकांची परीक्षा करण्यासाठी त्यांतून निघालेला ध्वनी पुनःपुन्हा त्याच जागेत खेळवितात, असे त्यांच्या कानी आले होते. अमर बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले होते. हा संबंध योगायोगाचा आहे व त्यावरून काही सिद्ध करण्याचा मोह आपण टाळलेला बरा.

यामागील भौतिक कारणाचा थोडा तपशील देणे अवश्य आहे, कारण पुढील युक्तिवाद त्यावर उभा आहे. कोणत्याही बंदिस्त जागेत काही ठराविक कंपनसंख्यांच्या लहरी भिंतींवरून परावर्तित होऊन परस्परांस पुष्टी देतात. बाकीच्या तुलनेने क्षीण राहतात. पाच मीटर लांबीच्या खोलीत केवळ लांबीच्या दिशेचा विचार केला तर दर सेकंदास सुमारे ३४ आंदोलने व त्यांच्या पटी यांना असे आनुकूल्य लाभते. रुंदीचे व उंचीचे हिशेब निराळे, आणि तिघांचे मिश्र हिशेब आणखी निराळे. हा अनुनाद एका वेळी फारसा जाणवत नाही. परंतु प्रत्येक पिढीत त्याच गुणकाने पुन्हा गुणाकार होतो. एखादा सूर दुसऱ्याहून एका पिढीत केवळ १ डेसिबेलने अधिक पुष्ट होत असेल, तर तो फरक कानास जेमतेमच कळेल. ३२ पिढ्यांनंतर मात्र तोच फरक ३२ डेसिबेल होतो, म्हणजे एका सुराची कंपनमर्यादा दुसऱ्याच्या सुमारे चाळीस पट होते. चक्रवाढ व्याजाचे गणित ज्यास ठाऊक आहे त्यास यात आश्चर्य वाटू नये. मात्र या गुणाकारात केवळ खोलीच भाग घेत नाही. ध्वनिग्राहकाचा, ध्वनिक्षेपकाचा व फितीचा स्वतःचा कलही दर वेळी गुणिला जातो. ध्वनिग्राहक वीतभर हलविला तरी निष्पत्ती बदलते. तेव्हा ‘खोली स्वतः गाऊ लागते’ हे या कृतीविषयीचे नेहमीचे विधान भक्तिभावाचे आहे, काटेकोर नाही.

आता त्या गद्य उताऱ्याचा विचार करू. त्यात वक्ता आपण काय करीत आहोत तेच सांगतो : आपण एका खोलीत बसलो असून ती श्रोत्याच्या खोलीहून भिन्न आहे, आपला आवाज आपण पुनःपुन्हा खोलीत खेळविणार आहोत, त्यामुळे, कदाचित लयीचा अपवाद वगळता, आपल्या बोलण्याचे सर्व स्वरूप नाहीसे होईल आणि खोलीचे स्वाभाविक अनुनाद ऐकू येतील, आणि अखेरीस, आपण ही क्रिया भौतिक सत्याचे प्रात्यक्षिक म्हणून करीत नसून आपल्या बोलण्यात असतील ते खडबडीतपणे गुळगुळीत करण्याचा मार्ग म्हणून करीत आहोत. ल्यूसिए यांच्या बोलण्यात चाचरण्याचा दोष होता, व मुद्रणात तो स्पष्ट ऐकू येतो. साहजिकच या शेवटच्या वाक्यावर अभ्यासकांची दृष्टी खिळली. एका माणसाच्या वाणीतील उणीव खोलीने हळुवारपणे पुसून टाकली, यंत्रयुगाच्या निर्विकार प्रक्रियेत अकस्मात करुणेचा झरा आढळला, असा या उपपत्तीचा सारांश आहे. ती मोहक आहे आणि रचनाकाराच्या स्वमुखातील वाक्यावर आधारलेली असल्याने प्रामाणिकही वाटते.

परंतु उताऱ्यातील दोन विधाने शेजारी ठेवून पाहावीत. सर्व नाहीसे होईल, पण लय कदाचित उरेल, हे एक. बोलण्यातील खडबडीतपणा गुळगुळीत होईल, हे दुसरे. आता चाचरणे म्हणजे काय? तो उच्चारस्थानाचा दोष नव्हे. चाचरणाऱ्यास ‘र’ किंवा ‘स’ म्हणता येत नाही असे नाही. तो वेळेचा दोष आहे. ध्वनी यावयाच्या क्षणी येत नाही, किंवा एकदा यावयाचा तो तीनदा येतो. म्हणजे हा खडबडीतपणा लयीचाच आहे. जी प्रक्रिया सर्व काही झिजवून लय मात्र दीर्घकाळ राखून ठेवते, ती चाचरण्यावर उपाय कशी ठरणार? मुद्रण लक्षपूर्वक ऐकले असता हेच प्रत्ययास येते. पंधरा-सोळा पिढ्यांनंतर शब्द ओळखू येत नाहीत. परंतु जेथे वक्ता अडखळला होता तेथे सुरांच्या प्रवाहात एक लहानशी थरथर, एक विलंब शिल्लक असतो, आणि पूर्वीचे ऐकणे स्मरणात असल्यामुळे तो कोठे येणार याची आपण वाट पाहतो. शेवटच्या काही पिढ्यांत निनादाच्या ओघाने ही थरथरही मंदावते, हे खरे. तरीही अनुस्वारासारखी, ‘ऊ’-‘ओ’ सारखी मृदू व सुश्राव्य स्थळे आपली ओळख कधीच टाकून बसलेली असतात, आणि अडखळण्याची जागा मात्र त्यांच्यामागून कितीतरी वेळ टिकते. बोलण्यातील दोषच बोलणाऱ्याची शेवटची खूण ठरतो. रचनाकाराने जे हेतू म्हणून सांगितले त्याच्या उलट कृती वागते. माझ्या दृष्टीने या कृतीचे सारे भावमूल्य या विसंगतीत आहे. हेतू व निष्पत्ती यांतील अंतर ओळखण्याऐवजी रचनाकाराचे वाक्य अर्थनिर्णयाचा अंतिम पुरावा म्हणून स्वीकारणे, हा आपल्या साहित्य-समीक्षेलाही परिचित असलेला प्रमाद आहे.

येथे बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात त्यांनी मांडलेल्या लयसिद्धांतानुसार प्रत्येक कलेचे एक विशिष्ट माध्यम असते, आणि त्या माध्यमातील घटक संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनुसार परस्परांशी संबद्ध झाले म्हणजे सौंदर्य सिद्ध होते. संगीताचे माध्यम नादसंवेदना. साहित्याचे माध्यम मात्र शब्दांचा नाद नव्हे, तर त्यांचा भावनायुक्त अर्थ. या दोन माध्यमांत त्यांनी घातलेली भिंत आपल्या समीक्षेत पुढे पुष्कळ वादाचा विषय झाली. ल्यूसिए यांच्या कृतीत ही भिंत तर्काने न पाडता कानांसमक्ष ओलांडली जाते. आरंभी आपण अर्थ ऐकत असतो. नादाकडे, खरे पाहता, आपले लक्षही नसते. शेवटी केवळ नाद ऐकत असतो. मधला क्षण कोणता? तो सापडत नाही. प्रत्येक श्रोता तो निराळ्या पिढीत ठेवील. इतकेच नव्हे, तर उतारा पाठ झालेल्या श्रोत्यास अर्थ बराच पुढेपर्यंत ‘ऐकू’ येत राहतो, कारण फितीत जे उरलेले नाही ते त्याची स्मृती पुरविते. नादसंवेदना तीच, श्रोता निराळा, आणि माध्यम बदललेले! माध्यम हे वस्तूत असते की ऐकणाऱ्याच्या वृत्तीत, हा मर्ढेकरांना विचारावयाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. मर्ढेकरांचा सिद्धांत याने खंडित होतो असे मी म्हणणार नाही. उलट, शेवटच्या दहा पिढ्यांच्या सौंदर्याचे वर्णन करण्यास संवाद-विरोध-समतोल ही त्रयी उत्तम उपयोगी पडते. त्या शेवटच्या भागात सौंदर्य आहेच. पण ते अन्यत्रही आढळणारे सौंदर्य आहे. अर्थ सुटत चालला आहे व नाद अद्याप हाती आलेला नाही, असा जो मधला दीर्घ पट्टा, साधारण पाचव्या पिढीपासून अठराव्या-विसाव्यापर्यंत, तोच या कृतीचा विशेष होय. आणि त्याचे वर्णन करण्यास ती त्रयी अपुरी पडते.

दौऱ्याचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. ल्यूसिए यांनी सांगितल्याप्रमाणे या कृतीचे पहिले रूप ब्रँडाइसच्या ध्वनिप्रयोगशाळेतील लहान, टणक भिंतींच्या खोलीत तयार झाले. तेथे पाच-सहा पिढ्यांतच अनुनाद कर्कशपणे डोके वर काढू लागले. पुढे घरातील सतरंजी-पडद्यांच्या खोलीत तीच क्रिया बऱ्याच सावकाश व मृदूपणे घडली. म्हणजे मधला पट्टा किती रुंद होईल हे खोलीच्या मऊपणावर अवलंबून आहे, व रचनाकारास ते पक्के ठाऊक होते. १९७० साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ही कृती ऐकविली गेली, तेव्हा मेरी ल्यूसिए यांची त्याच तत्त्वावर तयार केलेली छायाचित्रमाला तिच्या जोडीला होती : एका खोलीच्या छायाचित्राचे छायाचित्र, त्याचे पुन्हा छायाचित्र, असा तो क्रम. तेथे श्रोत्यांपुढे आलेली खोली दूरची होती. मुद्रण सोबत आणले होते. उत्तरायुष्यात मात्र ल्यूसिए ठिकठिकाणी श्रोत्यांसमोर बसून, संगणकाच्या साह्याने, ही कृती प्रत्यक्ष करू लागले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात डिसेंबर २०१४ मध्ये असा प्रयोग झाला व त्या संग्रहालयाने कृती आपल्या संग्रहात दाखल केली.

प्रत्यक्ष प्रयोगात पहिल्याच वाक्यास बाधा येते. श्रोता आणि वक्ता आता भिन्न खोल्यांत नाहीत. म्हणून ल्यूसिए अशा वेळी आपली खोली श्रोत्याच्या खोलीहून भिन्न असल्याचे न सांगता ती तीच असल्याचे सांगत. एका शब्दाचा हा बदल क्षुल्लक वाटेल. पण तो कृतीचा सर्व कलच बदलतो. मूळ मुद्रणात दोन खोल्या आहेत. माझ्या खोलीत वाजणारा ध्वनिक्षेपक मला परक्या खोलीचे गाणे ऐकवितो, आणि ते ऐकत असता माझी खोलीही त्यावर, न कळत, एका पिढीचा संस्कार करीत असते. तेहतिसावी पिढी श्रोत्याच्या घरी तयार होते. एकान्तात बसलेला, बोलण्यात अडखळणारा एक माणूस व त्याच्यापासून दूर असलेला श्रोता, हे अंतर त्या मुद्रणाच्या अर्थाचा भाग आहे. ‘तीच खोली’ म्हटल्याबरोबर हे अंतर मिटते आणि त्याच्या जागी एक सामुदायिक विधी येतो. विधीला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु ही दुसरी कृती आहे, हे मान्य केले पाहिजे.

शिवाय मोठ्या सभागृहाचे गणितच प्रतिकूल आहे. पन्नास घनमीटर आकाराच्या निवासी खोलीत दर सेकंदास २०० आंदोलनांच्या खालच्या पट्ट्यात जे अनुनाद पडतात ते काही दशकांत मोजता येतील. ते परस्परांपासून विलग असतात व म्हणून त्यांचे स्वतंत्र सूर ऐकू येतात. पाच हजार घनमीटरांच्या सभागृहात त्यांची संख्या काही हजारांवर जाते. ते एकमेकांत इतके मिसळतात की त्या पट्ट्यातून खोलीचे व्यक्तित्व सांगणारे निवडक सूर निघणे कठीण. पुष्कळदा ध्वनिक्षेपकांचा स्वतःचा कलच वरचढ ठरण्याचा संभव असतो. दुसरीकडे, निनादाचा काळ दीर्घ असल्याने शब्द मात्र फार लवकर विरघळतात. म्हणजे ज्या मधल्या पट्ट्यात कृतीचे मर्म आहे तोच आखूड होतो, अडखळण्याची जागा दोन-चार पिढ्यांत वाहून जाते, आणि उरतो तो घुमारा. श्रोते तो ऐकून प्रसन्न होतात. ज्या भौतिक प्रात्यक्षिकास रचनाकाराने उताऱ्यात दुय्यम लेखले तेच त्यांनी पाहिलेले असते. ध्वनिग्राहक उघडा असल्यामुळे प्रेक्षागृहातील एखादा खोकलाही पुढील सर्व पिढ्यांत सामील होतो, हा एक गमतीचा लाभ. त्या खोकणाऱ्यास इतके दीर्घ आयुष्य अन्य कोणत्या संगीतात लाभले असते!

हा दोष दौऱ्याचा म्हणून सर्वत्र लागू नाही, हे ल्यूसिए यांच्याच अन्य कृतींवरून दिसते. १९६८ च्या ‘व्हेस्पर्स’ मध्ये डोळ्यांवर पट्टी बांधलेले वादक हातात टकटक ध्वनी करणारी उपकरणे घेऊन अंधारात चालतात, आणि वटवाघळाप्रमाणे परावर्तित ध्वनीवरून भिंती, खांब व माणसे यांचा अंदाज घेत वाट काढतात. सुश्राव्यतेसाठी टकटक करण्यास त्यांना मनाई आहे. वाट काढण्यापुरतीच करावयाची. येथे नवी जागा म्हणजे नवे, खरेखुरे काम. कालच्या गावातील अनुभव आज उपयोगी पडत नाही. जागा जितकी अपरिचित, तितकी कृती अधिक जिवंत. दौऱ्यासाठी याहून योग्य रचना कल्पिता येणार नाही. उलट १९७७ च्या ‘म्यूझिक ऑन अ लाँग थिन वायर’ मध्ये लांब ताणलेल्या एका तारेस विद्युत्प्रवाह व चुंबक यांच्या योगे कंपित ठेवले जाते. ल्यूसिए यांनी आरंभी ती तार ‘वाजविण्याचा’ प्रयत्न केला. नंतर, एकदा जुळवून तिला एकटी सोडली असता तिच्यात आपोआप अधिक सूक्ष्म बदल घडतात, असे त्यांच्या ध्यानात आले. १९७९ साली न्यू मेक्सिकोतील ॲल्बुकर्की येथे एका बाजारपेठेच्या इमारतीत ही तार पाच दिवस-रात्री गात राहिली व तिथल्या नभोवाणी केंद्राने ते प्रक्षेपित केले. येथे दौऱ्यावर आलेला कलावंत तार जुळवितो आणि बाजूला होतो. तिन्ही कृतींचे द्रव्य जागाच आहे; पण जागेशी असलेले त्यांचे नाते एकसारखे नाही, आणि ‘स्थलविशिष्ट’ हे एकच लेबल तिघींना चिकटविण्याने समीक्षेचे काम होत नाही.

आपल्याकडील गायन-परंपरेत जागेचा विचार निराळ्या रीतीने केलेला आढळतो. बैठकीचा गवई आपली पट्टी गळ्यावरून ठरवितो, दालनावरून नव्हे. दालनाने त्याच्या षड्‌जास साथ दिली तर ‘जागा चांगली लागली’ असे म्हणावयाचे, न दिली तर सोसावयाचे. ध्वनिवर्धकाच्या पूर्वी गावोगाव फिरणाऱ्या संगीत नाटक मंडळ्यांना कापडी मांडव, पत्र्याची नाट्यगृहे अशा नाना तऱ्हांच्या जागांत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. तेथे जागा हा जिंकावयाचा प्रतिपक्ष होता. अनुनादाचे भान नव्हते असे मात्र नव्हे. ते आपण जागेतून काढून वाद्यात नेऊन ठेविले आहे. तंबोऱ्याची जवारी जुळविताना घोडीवरील सुताचा धागा केसभर सरकवून जे साधले जाते ते अनुनादाचेच शिल्प होय, आणि तंबोरा गवयाबरोबर प्रवास करू शकतो. दौऱ्यावर जाणाऱ्या कलावंताने सोबत नेता येईल अशी खोली शोधून काढली, असे तंबोऱ्याविषयी म्हणावयास प्रत्यवाय नसावा. या अमेरिकी परंपरेचा आपल्या देशाशी प्रत्यक्ष संबंध आला तो वेगळ्या वाटेने : केज यांनी १९४६ साली गीता साराभाई यांच्याकडून भारतीय संगीताचे पाठ घेतले, १९६४ च्या जागतिक दौऱ्यात कनिंगहॅम यांची नृत्यमंडळी, केज व ट्यूडर यांच्यासह, मुंबई व अहमदाबाद येथेही आली, आणि १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेत ट्यूडर यांनी विद्युत्-संगीताची कार्यशाळा उभारून दिली. मुंबईत मात्र त्याचा म्हणावा तसा ठसा उमटला नाही.

रचनाकाराच्या पश्चात ही कृती कोण व कशी करणार, हा प्रश्न उरतो. मे २०२१ मध्ये त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवसानिमित्त नव्वद व्यक्तींनी आपापल्या ठिकाणी ती करून एका दिवसाहून अधिक काळ सलग प्रसारित केली. प्रत्येकाची खोली निराळी, म्हणजे येथे ‘भिन्न खोली’ हा मूळचा शब्द पुन्हा खरा ठरला. महामारीच्या काळाने नकळत मूळ संहितेची बाजू घेतली. २०२५ साली पर्थ येथील वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या कलादालनात ल्यूसिए यांनी जिवंतपणी दिलेल्या रक्तापासून वाढविलेल्या मेंदूपेशींच्या संकेतांनी पितळी पत्रे वाजविण्याची मांडणी झाली. ती ‘सोलो परफॉर्मर’ची वारस म्हणून सांगितली जाते. मला ती कृतीपेक्षा स्मारक वाटते. १९६५ च्या प्रयोगात स्वस्थ बसण्याची कसोटी एका माणसाला लागत होती. पेशींना तसली कसोटी नाही.

लिखित सूचनेप्रमाणे मूळ उताऱ्याऐवजी अन्य कोणताही उतारा घेण्याची मुभा आहे. तरीही बहुतेक प्रयोगकर्ते ल्यूसिए यांचाच उतारा वाचतात, आणि सफाईदार वाणीच्या माणसाच्या तोंडी ते शेवटचे वाक्य पोकळ होते. गुळगुळीत करण्यासारखे त्याच्या बोलण्यात काही नसते. मराठीत हा प्रयोग कोणी करील तर त्याने भाषांतर न करता स्वतःचा उतारा लिहावा, आणि तो लहानशा, पडदे लावलेल्या खोलीत वाचावा. स, श, च, छ यांसारखे वर्ण उच्च कंपनसंख्यांचे असल्यामुळे प्रथम जातील. दीर्घ ‘आ’, ‘ओ’ आणि नाकातून उमटणारे अनुनासिक काही पिढ्या अधिक टिकतील. त्यानंतर काय उरेल, ते वाचणारा कोठे थांबतो, कोठे श्वास घेतो आणि कोठे अडखळतो, यावर अवलंबून राहील.